छापखाना, वर्गणी आणि महाविद्यालय : कारभारी बाबासाहेब

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आणि तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांवर लेख नाही, असे कधी होत नाही. घटनेचे शिल्पकार, चवदार तळ्याचे सेनानी, धम्मचक्र पुन्हा फिरवणारे बोधिसत्त्व ही त्यांची रूपे आपल्या वाडीतली लहान मुलेसुद्धा जयंतीच्या भाषणात न अडखळता सांगतात. आम्ही इथे त्यांचे एक वेगळे रूप सांगणार आहोत. कर्ज काढून, वर्गणी मागून, पै-पैचा मेळ घालून ज्यांनी गोरगरिबांसाठी वर्तमानपत्र चालवले, छापखाना काढला आणि पुढे महाविद्यालये उभी केली, त्या कारभारी बाबासाहेबांचे हे रूप.

याला धंदा म्हणायचे का? नफा घरी न्यायचा नव्हता, म्हणून कोणी नाही म्हणेल. पण कागदाचे बिल, खिळे जुळवणाऱ्याचा पगार, टपालाचा खर्च, जागेचे भाडे हे सगळे तर होतेच ना! ध्येय कितीही थोर असले तरी कागदवाला उधारी किती दिवस ठेवणार? हा प्रश्न बाबासाहेबांना आयुष्यभर सुटला नाही. आज आपल्या समाजात जो कोणी वाचनालय, पतपेढी, शिकवणी वर्ग किंवा बचत गट चालवतो, त्यालाही तो सुटत नाही. म्हणून ही हकिगत.

आपल्याच किनाऱ्यापासून सुरुवात

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके इंग्रजी अमदानीपासून रत्नागिरी जिल्ह्यातले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही त्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. म्हणजे आपण एका जिल्ह्याची माणसे.

याच मुलखाने मराठीला पहिला संपादक दिला. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी वृत्तपत्राची सुरुवात झाली, ती एका कोकणी माणसाच्या हातून. त्याचा अभिमान आपल्यालाही आहे. पण त्या आरशात आपल्या वाड्यावस्त्यांचे तोंड दिसत नव्हते. पुढे वर्तमानपत्रे वाढली, छापखाने वाढले, तरी गावकुसाबाहेरच्या माणसाचे गाऱ्हाणे छापायला कोणाकडे जागा नव्हती.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १८७७ मध्ये सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यात लिहीत असत. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे यांनी छापखाना आणि पत्रे यांसाठी आयुष्य झिजवले. पण अस्पृश्य समाजाने स्वतःच्या हिमतीवर काढलेली ही पत्रे फार दिवस टिकली नाहीत. वाचणारे थोडे आणि त्यातले पैसे देऊ शकणारे त्याहून थोडे, मग पत्र चालणार कशावर? बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्या माणसाच्या हातात रोकड कुठली असायला?

पहिला धंदा आणि त्याचा शेवट

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे जन्म, सुभेदार रामजींची शिस्त, दापोली-सातारा-मुंबई असा प्रवास, १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तिथून लंडन, हे सारे आपल्याला पाठ आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात राहायला खोली मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईला आले.

यानंतरची गोष्ट मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येते. प्रपंच चालवायचा म्हणून बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोखे यांबाबत व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची कचेरी काढली. अर्थशास्त्रात त्यांच्याइतका शिकलेला माणूस तेव्हा मुंबईच्या बाजारात शोधून सापडला नसता. सुरुवातीला गिऱ्हाईक आले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली.

आम्हाला वाटते, ही छोटी गोष्ट फार मोठे काही सांगते. बाजारात फक्त माल आणि भाव बघतात, असे आपण ऐकतो. पण इथे माल उत्तम होता, भाव वाजवी होता, तरी जात आडवी आली. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचा सल्लाही चालत नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या धंद्यात सोसले. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या पगारातून काटकसर करून लंडनचे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पैसे साठवू लागले.

‘मूकनायक’

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. तो काळ लक्षात घेतला तर ही रक्कम किती मोठी ते कळेल. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीला, म्हणून संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते. ते काम पांडुरंग नंदराम भटकर यांच्याकडे होते. पण सुरुवातीचे अग्रलेख बाबासाहेबांच्याच लेखणीतले. नाव तुकोबांच्या अभंगावरून घेतलेले. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही छापली नाही, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे शेअरच्या कचेरीला आला तोच अनुभव इथेही.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. नवल भथेना या पारशी मित्राने त्यांना कर्जाऊ मदत केली. मागे ज्ञानदेव घोलप यांनी संपादनाचे काम पाहिले. पण पत्राची घडी बसली नाही आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. अडीच हजारांचे भांडवल होते, ध्येय होते, लेखणी तर अशी की दुसरी तोड नाही. तरी पत्र बुडाले. का? कारण ज्यांच्यासाठी पत्र होते त्या समाजात अजून संघटना नव्हती. गावोगाव वर्गणी गोळा करणारा माणूस नव्हता, आणि चालवणारा परदेशी गेला की मागे तोलून धरणारे हात पुरेसे नव्हते.

आधी माणसे, मग पत्र

१९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीची सनद घ्यायलाही मित्राकडून पैसे घ्यावे लागले. हायकोर्टातले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला कचरत. म्हणून जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले. हिशेबनीस तयार करणाऱ्या त्या वर्गात तीनेक वर्षे शिकवून त्यांनी घर चालवले.

यावेळी त्यांनी पत्र आधी काढले नाही. आधी संस्था काढली. १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली. वसतिगृह, वाचनालय अशी कामे तिने हाती घेतली. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. मग २० मार्च १९२७ ला महाडचे पाणी पेटले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. आता वाचक होता, कारण लढा होता. महाडला कोण गेले, कोणाला मार बसला, पुढे काय करायचे, हे वाचायला आणि वाचून घ्यायला लोक आतुर होते. एक अंक आला की एकजण मोठ्याने वाचायचा आणि वीसजण ऐकायचे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितलेलेच आहे.

पण व्यवहाराच्या दृष्टीने इथेच खरी गोम होती. वीसजण ऐकत, वर्गणी मात्र एकाचीच! विचार वीस घरांत पोचला तरी गल्ल्यात पैसा एका घराचाच पडला. या पत्राचे संपादन बाबासाहेबांनी बिनपगारी केले. सगळे स्तंभच्या स्तंभ एकट्याने लिहून काढायचे, वकिली सांभाळायची, मुंबई कायदे मंडळाचे काम बघायचे, आणि वर छपाईचे देणे. १९२८ च्या आरंभी त्यांनी पत्रातूनच समाजापुढे हिशेब मांडला. आपण केलेल्या श्रमाचे ऋण समाज मानतो की नाही, असा रोखठोक सवाल त्यांनी केला आणि मदत मागितली. भीक म्हणून नव्हे, तर काम केल्याचा हक्क म्हणून. १५ नोव्हेंबर १९२९ ला हेही पत्र थांबले.

दोन पत्रे बुडाली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, आपल्या लोकांत वर्तमानपत्र चालत नाही.

‘जनता’ टिकली ती कशी?

२४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाली. या तारखेकडे नीट बघा. त्या दिवशी बाबासाहेब मुंबईत नव्हतेच. ते लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत आपली बाजू मांडत होते. दहा वर्षांपूर्वी ते लंडनला गेले आणि ‘मूकनायक’ मागे आचके देऊ लागले. आता ते लंडनला असताना पत्र जन्माला आले! दहा वर्षांत काय कमावले ते या एका गोष्टीत दिसते. बाबासाहेबांनी आपल्यामागे काम चालवणारी माणसे तयार केली होती.

संपादक होते देवराव विष्णू नाईक. समाज समता संघाचे ‘समता’ हे पत्र त्यांनी १९२८ मध्ये चालवलेले, त्यामुळे हात बसलेला होता. पुढे भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, बी. सी. कांबळे, यशवंतराव आंबेडकर यांनी ही धुरा आळीपाळीने वाहिली. यांतले काही आपल्या समाजाचे, काही इतर जातींचे. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, महाडला बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. काम जाणणारा आणि निष्ठेचा माणूस बाबासाहेबांनी जात न बघता घेतला.

ऑक्टोबर १९३१ च्या अखेरीस ‘जनता’ पाक्षिकाची साप्ताहिक झाली. नाशिकचा सत्याग्रह, पुणे करार, येवल्याची घोषणा, कोकणातल्या खोतीविरुद्धची चळवळ, हे सारे तिच्यातून घरोघर गेले. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात कोकणातली कुळे होती, सर्व जातींची. आपल्या भागातल्या माणसाला त्या काळी मुंबईची खबर कशी कळायची? बोटीने येणारा चाकरमानी सांगेल तेव्हा. ‘जनता’ने ही सांगोवांगीची खबर छापील केली.

दुसरे बळ छापखान्याचे. दुसऱ्याच्या छापखान्यात रोख मोजल्याशिवाय अंक बाहेर पडत नाही, आणि मालक बिथरला तर तोही नाही. म्हणून ‘भारतभूषण’ हा स्वतःचा छापखाना. मुंबईत दादर-नायगावच्या गोकुळदास पास्ता रस्त्यावरचा हा छापखाना पुढे ‘बुद्धभूषण’ नावाने ओळखला गेला. तिथे आलेल्या माणसाला बाबासाहेबांचे काम म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसायचे : शाई, कागद, खिळे आणि घामेजलेली माणसे. जून २०१६ मध्ये ती जुनी वास्तू पाडली गेली तेव्हा मुंबईत हजारोंचा मोर्चा का निघाला, हे ज्याला कळत नाही त्याला छापखान्याची किंमत कळलेली नाही.

आपले छापण्याची सोय आपल्या हातात असली की काय होते, याचा दाखला १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणातला मजकूर जड वाटला म्हणून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी एक अक्षर बदलले नाही. ते भाषण त्यांनी स्वतः पुस्तकरूपाने काढले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्यांनी व्यासपीठ नाकारले त्यांची नावे आज कितीजणांना ठाऊक आहेत? ते पुस्तक मात्र जग वाचते.

‘जनता’ पंचवीस वर्षे चालली. ४ फेब्रुवारी १९५६ पासून तिचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

सिद्धार्थ आणि मिलिंद

वर्तमानपत्राने माणूस जागा होतो, पण त्याला पुढे शिकायला जागा पाहिजे. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सुरुवात लष्कराच्या मोकळ्या झालेल्या बराकींत. पुढे फोर्टात आनंद भवन आणि बुद्ध भवन अशा वास्तू आल्या. धर्मांतराला अजून दहा वर्षे होती, तरी नाव सिद्धार्थ! आपला रस्ता कुठे जाणार ते त्यांनी पाटीवर आधीच लिहून ठेवले होते.

या महाविद्यालयाची खरी खुबी वेळापत्रकात होती. गरिबाच्या पोराला कॉलेज परवडत नाही ते नुसत्या फीमुळे नव्हे. तो दिवसभर कॉलेजात बसला तर कमावणार कोण? म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग. पहाटे उठून वर्गाला जायचे, तिथून कचेरीत किंवा कारखान्यात. आपल्या कोकणातून गेलेले कितीतरी तरुण याच वाटेने पदवीधर झाले. दिवसा कारकुनी किंवा हमाली करणाऱ्याला पदवी घेता येते हे आधी कोणी मनावरच घेतले नव्हते. बाबासाहेबांनी आपल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघितले आणि त्याप्रमाणे घंटा लावली. ज्याची सेवा करायची त्याच्या सोयीने दुकान उघडायचे, हे चांगल्या व्यापाऱ्याला कळते. ते इथे एका महापंडिताने केले.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. निजामी अमलात पिचलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. तिथल्या बांधकामासाठी सरकारी कर्ज काढावे लागले. कर्जाला बाबासाहेब भ्याले नाहीत, पण कर्ज म्हणजे फुकटचा पैसा असेही त्यांनी मानले नाही. देणे फेडण्यासाठी १९४१ मध्ये त्यांनी आपली ‘चार मिनार’ ही इमारत विकली होती. ‘राजगृह’ मात्र ग्रंथांसाठी राखले. सिद्धार्थ आणि मिलिंदचे दरवाजे सर्व जातींच्या मुलांना उघडे होते. आपल्यासाठी काढलेली संस्था दर्जाने इतकी चांगली पाहिजे की इतरांनाही तिथे यावेसे वाटले पाहिजे, हा तो हिशेब होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये बाहेर आला, तो त्यांच्याच सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे. १९७० मध्ये त्याचा मराठी अनुवाद निघाला. वर्षावासात आपण जो ग्रंथ विहारात वाचतो तो आपल्यापर्यंत पोचला, कारण छापणारी आणि सांभाळणारी संस्था त्यांनी आधी उभी करून ठेवली होती.

आपण काय घ्यायचे?

बाबासाहेबांच्या या कारभारातून आम्हाला जे दिसते ते थोडक्यात सांगतो.

गरीब माणूस वर्गणी देऊ शकतो. पण त्याच्याकडे मागायला कोणीतरी दर महिन्याला गेले पाहिजे, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब त्याला दाखवला पाहिजे. ‘मूकनायक’ला राजाची मदत होती, तरी ते चालले तीन वर्षे. ‘जनता’ला शाखाशाखांतल्या लोकांचा आधार होता, ती चालली पंचवीस वर्षे.

दुसरे, एका माणसाच्या खांद्यावर संस्था टाकू नये. तो माणूस खुद्द बाबासाहेब असतानाही ‘बहिष्कृत भारत’ थांबले. मग आपल्या मंडळांत एकच सेक्रेटरी वीस वर्षे सगळे करतो आणि तो थकला की कुलूप लागते, यात नवल ते काय?

तिसरे, बंद पडले म्हणजे संपले असे नाही. कशाने बंद पडले ते बघायचे आणि पुढच्या वेळी तेवढे दुरुस्त करायचे. पहिल्याला माणसे कमी पडली म्हणून आधी सभा स्थापली. दुसऱ्यात सगळा भार एकट्यावर आला म्हणून तिसऱ्याला संपादक वेगळा नेमला.

आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही. मुंबई शाखा पाठवते, गाव शाखा जमवते, मिरवणूक दणक्यात निघते. ते हवेच, तो आपला सण आहे. पण त्याच विहारातल्या वाचनालयाला महिन्याची ठरलेली वर्गणी किती घरांतून येते? आपल्या बायकांचा गट कोकम, पापड, काजूगर विकायला बसतो तेव्हा पहिले गिऱ्हाईक आपण असतो का? की आपल्यातलाच म्हणून उधारी मागतो? शेअरच्या कचेरीतून गिऱ्हाईक परत गेले ते परके होते. आपल्या मुलाने टाकलेल्या दुकानातून आपणच परत फिरलो तर कोणाला दोष द्यायचा?

येत्या वर्षात प्रत्येक घराने वाचनालयाची बारा महिन्यांची वर्गणी बारा महिन्यांत द्यावी, आणि कमिटीने दर पौर्णिमेला जमाखर्च फळ्यावर लिहावा, एवढी एकच विनंती या लेखाच्या निमित्ताने आम्ही करतो. 

नमो बुद्धाय! जय भीम!